कामगारानं मालकाविरुद्ध दाद मागायची तर आधी फी भरायची?

डिचोलीकर

इंग्लंडात नोकरीतल्या तक्रारी ऐकायला वेगळं न्यायाधिकरण आहे. तिथे जाणाऱ्या कामगाराकडून फी घ्यावी, हा विषय त्या देशात अधूनमधून डोकं वर काढतो. माझा भाचा स्विंडनला गोदामात कामाला आहे, त्याच्याकडून हे ऐकत आलोय. पण धागा काढायचं कारण घरचंच आहे. मध्यंतरी कळंगुटला ओळखीच्या हॉटेलवाल्यांत बसलो होतो. एक जण म्हणाला, "आपल्याकडे पण ठेवायला पाहिजे. हजार रुपये भरायला लागले की अर्ध्या तक्रारी आपोआप बंद." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी जन्मभर खाण कंपनीच्या हिशेब खात्यात होतो, युनियनच्या वाटेला कधी गेलो नाही, तरी ते 'आपोआप बंद' कानाला खटकलं.

इंग्लंडातली हकीकत अशी. २९ जुलै २०१३ पासून तिथे फी लागू झाली. थकलेला पगार, कापलेले पैसे अशा साध्या दाव्याला अर्ज करताना १६० आणि सुनावणीआधी २३०, म्हणजे ३९० पौंड. बेकायदा काढून टाकलं, भेदभाव केला, असा दावा असेल तर २५० अधिक ९५०, एकूण १२०० पौंड. त्या वेळच्या भावानं लाखभर रुपये झाले. वर अपील करायचं तर आणखी १६००. कारणं तीन दिली होती: खर्च वापरणाऱ्यानं सोसावा, खोट्या तक्रारी कमी व्हाव्यात, लोकांनी आपसात मिटवावं. ऐकायला तिन्ही शहाण्यासारखी.

चार वर्षांनी, २६ जुलै २०१७ ला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही फी बेकायदा ठरवली, आणि तीही पहिल्या दिवसापासून. युनिसन नावाच्या कामगार संघटनेनं खटला लढवला होता. घेतलेले पैसे सरकारला परत करावे लागले. मधल्या काळात दाव्यांची संख्या ६६ ते ७० टक्क्यांनी घसरली होती.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं पुन्हा प्रस्ताव आणला, या वेळी फक्त ५५ पौंडांचा. तो अमलात आला नाही. २०२५ मध्ये परत चर्चा उठली, आणि ऑक्टोबरात सरकारनं फी आणणार नाही असं सांगून टाकलं.

आपल्याकडे लेबर ऑफिसात तक्रार द्यायला पैसे लागत नाहीत. लागावेत का? मालक, कामगार, वकील सगळ्यांनी लिहावं. राजकारण नको.

मांडवीकाठ

राजकारण नको म्हणून गोव्यात कुठला धागा चालला आहे का बाब? असो. वाचतोय.

शिवोलीचो पात्रांव

कळंगुटच्या त्या बैठकीत मी नव्हतो, पण असतो तर मीही मान डोलावली असती. उघड लिहितो.

माझं छोटं गेस्ट हाऊस आहे. बारा खोल्या, एक किचन. ऑक्टोबर ते मे धंदा, पुढे पावसात छपराची गळती आणि बँकेचा हप्ता. चार वर्षांपूर्वी एक कूक ऐन नाताळाच्या आठवड्यात न सांगता शेजारच्या शॅकवर गेला, तिकडे दोन हजार जास्त मिळत होते म्हणून. मार्चमध्ये मला वकिलाची नोटीस: बेकायदा काढलं, ओव्हरटाइम दिला नाही, बोनस दिला नाही. माझ्याकडे हजेरीची वही होती ती तारखा लिहिलेली शाळेची वही. माझा वकील म्हणाला, "लढाल तर जिंकाल, पण माझी फी आणि तुमचे दिवस धरले तर मिटवलेलं स्वस्त." मिटवलं. आकडा सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

आता मला सांगा, त्याला पदरचे हजार रुपये भरावे लागले असते तर त्यानं दहा वेळा विचार केला नसता? ग्राहक आयोगात फी आहे, दिवाणी कोर्टात आहे, माहिती अधिकाराच्या अर्जालासुद्धा १० रुपये आहेत. मग मालकावर तक्रार करणंच तेवढं फुकट का? फुकट ते पौष्टिक अशी आपली सवय आहे.

वेर्णा_शिफ्ट

पात्रांवबाब, तुमच्या कूकला वकील परवडला. ज्याला वकील परवडतो त्याला हजार रुपये जड नाहीत. ते जड आहेत भांडी घासणाऱ्या बाईला.

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे, कंत्राटावर. अकरा महिने झाले की कंत्राटदाराचं नाव बदलतं, ओळखपत्राचा रंग बदलतो, सुपरवायझर तोच, मशीन तेच. मागे आमच्यातल्या आठ जणींचा शेवटच्या महिन्याचा पगार जुन्या कंत्राटदारानं दिला नाही. नवा म्हणतो माझा संबंध नाही, कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा. लेबर ऑफिसला जायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला की पैसे किती लागतील. नाही लागत म्हटल्यावर आठातल्या सहा तयार झाल्या. दोघी तरीही आल्या नाहीत, कारण नव्या कंत्राटदारानं घेतलं नाही तर काय, ही भीती.

फी असती तर सहातल्या किती उरल्या असत्या? पगारच अडकलाय म्हणून तर तक्रार आहे. त्याच महिन्यात खोलीभाडं, गॅस, मुलाची रिक्षा, आणि वर फी. ज्या दिवशी माणसाचा खिसा रिकामा असतो नेमका त्याच दिवशी त्याच्याकडे फी मागायची, हे कुणाला सुचलं असेल?

पगार मिळाला. कापून मिळाला, पण मिळाला.

तारवटी

+१

आमचं तर विचारूच नका. माझ्या बोटीवरच्या करारात वाद झाला तर लवाद परदेशात, असं बारीक अक्षरात होतं. फी किती हा प्रश्न पडायच्या आधीच विमानाच्या तिकिटाचा पडतो.

काळा_कोट

बावीस वर्षं कामगार बाजूचीही आणि मालक बाजूचीही प्रकरणं चालवतो, तेव्हा दोन्हीकडून शिव्या खायला मोकळा आहे.

आधी पात्रांवांचा ग्राहक आयोगाचा मुद्दा. तिथे ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी शून्य आहे. पुढच्या टप्प्याला २०० रुपयांपासून सुरू होते. सामान्य माणसाचा बहुतेक व्यवहार त्या शून्याच्या घरातच बसतो. म्हणजे तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

आता आपल्याकडची रीत. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार समेट अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. तिथे मिटलं नाही तर प्रकरण पणजीच्या औद्योगिक न्यायाधिकरण आणि कामगार न्यायालयाकडे जायचं. २०१० च्या दुरुस्तीनंतर नोकरीवरून काढलेला माणूस पंचेचाळीस दिवस वाट पाहून थेटही जाऊ लागला. कुठेही कोर्ट फीचा स्टॅम्प नाही. इतकंच नाही, ३६(४) कलमाप्रमाणे न्यायाधिकरणापुढे वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागायची. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता तो कामगार आणि त्याचा युनियनवाला, वकील नव्हे. आमच्या धंद्याला हे कलम कधी आवडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. लोकांनी एक गोष्ट गाठीला बांधावी: पूर्वी काढून टाकल्यापासून तीन वर्षांत न्यायालयात जाता येत होतं. आता वाद सुरू होऊन दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातात घेऊ शकत नाही. फीपेक्षा ही मुदत जास्त लोकांना बाहेर ठेवणार आहे. आणि तिच्यावर कुणी धागा काढत नाही.

इंग्लंडचा निकाल मी पूर्ण वाचला आहे, वेळ मिळाला की लिहितो. आता म्हापशाला तारीख आहे.

मांडवीकाठ

वकील म्हणतो "वेळ मिळाला की लिहितो". पुढची तारीख कधीची वकीलसाहेब?

स्विंडनचा गोंयकार

डिचोलीकरबाब, तुमचा भाचा बहुतेक माझ्याच शिफ्टला असेल, इथे आपली माणसं दर गोदामात आहेत. आजोबांच्या १९६१ आधीच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा आणि स्विंडन गाठायचं, ही वाट ब्रेक्झिटपर्यंत सरळ होती. मी २०१२ ला आलो, म्हणजे फीच्या आधीचं, फीमधलं आणि फीनंतरचं, तिन्ही पाहिलं.

२०१४ ची गोष्ट. माझ्याबरोबर खोलीत राहणारा एक जण, म्हापशाकडचा, एका एजन्सीमार्फत कामाला होता. ती सोडताना त्याच्या साठलेल्या भरपगारी रजेचे पैसे दिले नाहीत. रक्कम तीनशे पौंडांच्या आत. तो माहिती काढायला गेला तर कळलं, ते मिळवायला आधी १६० भरायचे, सुनावणी लागली तर आणखी २३०. जिंकलास तर मालकाकडून परत मिळतील, पण मालकानं दिले तर. एजन्सी उद्या दार बंद करून दुसऱ्या नावानं उघडली तर तेही गेले. तीनशेसाठी ३९० कोण घालणार? त्यानं सोडून दिलं. एजन्सीच्या बाईला हे आधीच ठाऊक होतं असं मला आजही वाटतं, कारण तिनं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "यू आर वेलकम टू क्लेम."

गरिबाला सवलत होती, नाही असं नाही. पण त्यात बचत बघायचे. ३००० पौंडांच्या वर गाठीला असले की बहुतेकांना सवलत नाही. आपला माणूस जेवणात काटकसर करून घरी पाठवायला, छप्पर घालायला पैसे साठवतो. तो गरीब धरला जात नव्हता. जो साठवत नाही तो गरीब.

२०१९ ला माझे स्वतःचे रात्रपाळीचे पैसे कमी आले. तेव्हा फी नव्हती. न्यायाधिकरणाआधी अकास म्हणून सरकारी समेट संस्थेला कळवावं लागतं, तेही फुकट. त्यांनी कंपनीला फोन केला, पंधरवड्यात पैसे आले. कोर्टापर्यंत गेलोच नाही. पण कंपनीनं पैसे दिले ते मी जाऊ शकतो हे तिला माहीत होतं म्हणून.

एक लक्षात ठेवा, इथे मुदत फक्त तीन महिन्यांना एक दिवस कमी. आमच्यातले कितीतरी जण गावाहून चतुर्थी करून परत येईपर्यंत ती टळलेली असते.

शिवोलीचो पात्रांव

गोष्ट वाचली, वाईट वाटलं. पण १२०० पौंड कुठे आणि हजार रुपये कुठे. इंग्लंडवाल्यांनी अतिरेक केला म्हणून नाममात्र फीसुद्धा वाईट कशी? ५५ पौंडांना तर त्यांच्याकडे दोन माणसं हॉटेलात जेवतात.

सत्तरीचा रानमाणूस

पात्रांव, तुमच्या हॉटेलात की आमच्या?

मी खाणीवर मशीन ऑपरेटर होतो. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू झाल्या. फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाण लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर सगळं थांबलं. आमच्यातल्या काहींना कंपनीनं घरी बसवलं, काहींना काहीबाही देऊन सोडवलं, काहींची नावं हजेरीपटावर कुठल्या ठेकेदाराखाली होती हेच त्यांना तेव्हा कळलं. आम्ही काही जण पणजीला गेलो. पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथून सुरुवात. फी नाही हे खरं.

आता फुकट म्हणजे काय ते ऐका. वाळपईहून सकाळची बस, फोंड्याला बदल, पणजी. तिथे साहेब मीटिंगला. दुपारी कंपनीचा माणूस येणार, तो मुदत मागतो. संध्याकाळी परत. बसभाडं, चहा-भजी, आणि सगळ्यात महाग म्हणजे त्या दिवशी ज्या बागायतीत काजू गोळा करायला मजुरीवर जाणार होतो ती मजुरी. कंपनीच्या माणसाला मात्र त्या दिवसाचा पगार चालू. तारखेला येणं हेच त्याचं काम. त्यानं दहा तारखा घालवल्या तरी त्याच्या घरची चूल विझत नाही.

आमच्यातले बरेच जण तिथेच गळाले. कुणी ट्रक चालवायला कर्नाटकात गेला, कुणी दुकान टाकलं. म्हणून मला तुमची फी असली काय नसली काय, फारसं वाटत नाही. आमची फी आम्ही बसमध्ये भरली.

वेर्णा_शिफ्ट

रानमाणूस, पटलं, पण "असली काय नसली काय" हे नाही पटत. तुम्ही बसमध्ये थोडी थोडी भरली, आणि मधे कुठेतरी थांबायचं तुमच्या हातात होतं. फी पहिल्या पायरीवर असते. पायरी चढलातच नाहीत तर कंपनीच्या माणसाला तारखेलाही यावं लागत नाही.

काळा_कोट

मांडवीकाठ, तारीख मिळाली, हजर आहे.

इंग्लंडच्या निकालात मला भावलेल्या गोष्टी. निकाल लॉर्ड रीड यांनी लिहिला. सरकारचं म्हणणं होतं की न्यायाधिकरण ही एक सेवा आहे, जो वापरतो त्याचा फायदा, त्यानं पैसे द्यावेत. न्यायालयानं हेच मुळात चूक ठरवलं. एखादा माणूस दावा लावतो आणि निकाल होतो, त्याचा उपयोग न गेलेल्या लाखो लोकांना होतो. मालकाला नियम कळतो, आणि नियम मोडला तर कुणीतरी जाऊ शकतं हेही कळतं. स्विंडनकरांना पंधरवड्यात पैसे आले ते दुसऱ्या कुणीतरी पूर्वी लढलेल्या दाव्यांच्या जिवावर. उदाहरण म्हणून निकालात १९३२ च्या गोगलगाईच्या खटल्याचा उल्लेख आहे. मिरामारच्या लॉ कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं पोरगंही तो सांगेल: स्कॉटलंडमधली एक बाई, जिंजर बिअरची बाटली, आत गोगलगाय. त्या एका बाईच्या तक्रारीतून वस्तू बनवणाऱ्याची ग्राहकाप्रती जबाबदारी ठरली, आणि तो नियम आपल्या देशातही चालतो. ती बाई फीच्या दारावरून परत गेली असती तर?

दुसरं, पात्रांवांसाठी. फीमुळे खोट्या तक्रारी गळतात हा दावा न्यायालयानं आकड्यांवर तपासला. खोट्या गळाल्या असत्या तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. आणि आपसात मिटवण्याचं प्रमाणही वाढलं नाही. उघड आहे, मालक म्हणतो आधी हा फी भरतो का बघू, मग बोलू.

तिसरं, नाममात्र फीबद्दल. ५५ पौंडांच्या प्रस्तावात तिथल्या सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १३ ते १७ लाख पौंड जमा होतील. न्यायाधिकरणांचा वर्षाचा खर्च ८ कोटी पौंडांच्या घरात. म्हणजे शंभरातले दोन रुपये. मोठी फी लोकांना अडवते, छोटी फी खर्च भरून काढत नाही. मग ती कशासाठी? पावती फाडायला एक खिडकी, एक कारकून आणि सवलतीचे अर्ज तपासायला दुसरा.

आणि बायकांचा मुद्दा. भेदभावाच्या दाव्यांना १२०० पौंडांचा वरचा दर होता, आणि असे दावे आणणाऱ्यांत बायका जास्त. त्यामुळे ही फीच बायकांविरुद्ध अप्रत्यक्ष भेदभाव करते, असं न्यायालयानं म्हटलं. बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर "तुमची जागा आता नाही" असं ऐकलेल्या बाईकडे १२०० पौंड मागायचे.

खाजन

ते सगळं ठीक, पण पात्रांवांचं दुखणं खोटं नाही. माझा भाऊ मडगावात वर्कशॉप चालवतो, सहा माणसं. त्याला एचआर नाही, रजिस्टर नाही, आणि नोटीस आली की रात्रीची झोप नाही. मोठ्या कंपनीला तक्रार म्हणजे फाइल, छोट्याला ती म्हणजे संकट. फी लावायची नसेल तर छोट्या मालकासाठी दुसरं काय? की त्यानं फक्त निकाल वाचून शहाणं व्हायचं?

काळा_कोट

प्रश्न रास्त. तुमच्या भावाला आणि पात्रांवांना फीनं मदत होणार नाही, कागदानं होईल. नेमणुकीचं पत्र एक पान, हजेरीवर सही, पगार बँकेतून, सोडून गेला तर रजिस्टर्ड पत्र "कामावर रुजू व्हा" म्हणून. एवढं असतं तर तो कूक नोटिशीपलीकडे गेला नसता. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय, कारण कागद नसलेले मालक हीच माझी निम्मी कमाई आहे.

शिवाय इंग्लंडात उलट बाजूचीही तरतूद आहे. कामगाराचे हक्क मालकानं वाईट रीतीनं डावलले असतील तर न्यायाधिकरण त्याला सरकारजमा दंड करू शकतं. २०१४ पासून तो ५००० पौंडांपर्यंत होता, २०२० मध्ये मर्यादा २०,००० केली. फार क्वचित लावतात. फी मात्र सरसकट सगळ्यांवर लावली होती. सरकारला कोण सोपं वाटतं ते यावरून दिसतं.

शिवोलीचो पात्रांव

रजिस्टर्ड पत्राचं लक्षात ठेवतो. पण माझं मत तेच. १२०० नको, हजारही नको म्हणा, पण काहीतरी हवं, आणि जिंकला तर परत द्या. माणूस स्वतःचे पैसे घालतो तेव्हाच गंभीर असतो. मी धंदा करतो, मला हे रोज दिसतं. ॲडव्हान्स न घेता खोली ठेवली की पाहुणा येत नाही.

वेर्णा_शिफ्ट

पाहुणा सुट्टीवर येतो पात्रांवबाब. आम्ही लेबर ऑफिसला सुट्टी टाकून जातो, ती बिनपगारी.

मांडवीकाठ

हे वाक्य पात्रांवांच्या रिसेप्शनवर फ्रेम करून लावावं.

मुंडकाराचा नातू

थोडं अवांतर. आमच्या आजोबांची मुंडकार केस, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतल्या राहत्या घराच्या हक्काची, मामलेदाराकडे लागली तेव्हा मी शाळेत होतो, आता माझा मुलगा शाळेत आहे. भाटकाराकडचे (जमीनमालकाकडचे) वारस वाढले, आमच्याकडचे वाढले, मामलेदार किती बदलले देव जाणे. १९७५ चा कायदा, तोही गरिबाच्या बाजूचा. तिथे फीनं कुणाला अडवलेलं नाही. तरी कुणाला न्याय मिळाला विचारा. रानमाणूस म्हणतात ते यासाठी पटतं. वकीलसाहेब, हे 'न्यायाचं दार उघडं' वगैरे इंग्लंडात शोभतं. इथे दार उघडं असतं आणि आत माणूस नसतो.

काळा_कोट

नातूसाहेब, आत माणूस नाही म्हणून दाराला तिकीट लावा असं तर तुम्हीही म्हणत नसाल. लांबणीचं दुखणं खरं आहे, त्यावर उपाय वेगळे: अधिकारी नेमा, मुदत मागणाऱ्याला खर्च बसवा. तारखा वाढवणाऱ्या बाजूकडून दर तारखेला समोरच्याचं बसभाडं आणि दिवसाची मजुरी वसूल करा, बघा किती प्रकरणं वर्षात संपतात. फी घ्यायचीच तर तिथे घ्या.

सत्तरीचा रानमाणूस

याला माझं अनुमोदन. दोन्ही हात वर.

शिवोलीचो पात्रांव

यालाही विरोध करायला मला काही सापडत नाही, त्यामुळे आज किचनमध्ये जातो.

डिचोलीकर

चर्चा बरी चालली. वकीलसाहेब, एक कामाची गोष्ट विचारतो. आमच्याकडे बेतोड्याला एका कारखान्यात नऊ वर्षं काम केलेली शेजारची मुलगी आहे. सोडून चार महिने झाले, ग्रॅच्युइटी दिलेली नाही, "बघू" म्हणतात. तिला वकील करायला पैसे नाहीत, आणि कोर्ट म्हटलं की तिची आई घाबरते. कुठून सुरुवात करायची?

काळा_कोट

नऊ वर्षं म्हणजे हक्क पक्का, पाच वर्षांची अट केव्हाच पूर्ण झाली. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९. हा किमान आकडा आधी काढून ठेवा म्हणजे समोरचा काहीही सांगू शकणार नाही. देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, पुढे व्याज लागतं.

आधी कंपनीला लेखी मागणी, पोचसहित. पोच नाकारली तर रजिस्टर्ड पोस्टानं. उत्तर नाही आलं की फोंड्याच्या लेबर ऑफिसात जाऊन विचारा, तिथे मार्ग दाखवतील.

आणि वकिलाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा. बायका, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि या गटांना उत्पन्नाची अटही नाही. तुमची शेजारीण बाई आहे आणि कामगारही आहे, म्हणजे दोन दारांनी आत येते. तालुका कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. हे आपल्याकडे बावीस वर्षांत मला स्वतःहून विचारलेले कामगार एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

वेर्णा_शिफ्ट

हे मला आजच कळलं. आमच्या त्या आठ जणींनाही मिळालं असतं?

काळा_कोट

आठही जणींना.

डिचोलीकर

तिच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही. पगाराच्या पावत्या दोन वर्षांच्याच आहेत, आधीचे पैसे रोखीनं. चालेल?

काळा_कोट

भविष्य निर्वाह निधीचं पासबुक काढायला सांगा, त्यात कंपनी कधीपासून पैसे भरते ते दिसेल. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तेही घ्या. आणि तिच्याबरोबर तेव्हा लागलेल्या दोघींची नावं लिहून ठेवा. बुधवारी मी फोंड्यात आहे, कागद घेऊन सकाळी दहाच्या आत कोर्टाजवळ भेटा. आईलाही आणा.

शिवोलीचो पात्रांव

वकीलसाहेब, त्याच बुधवारी मीही येऊ का? नेमणुकीच्या पत्राचा नमुना हवा होता. चहा माझ्याकडून.